हॉइट विल्हेल्म
जेम्स हॉइट विल्हेल्म (२६ जुलै, १९२२ - २३ ऑगस्ट, २००२) हा अमेरिकेचा व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होता. १९५२ ते १९७२ या २१ हंगामांत तो मेजर लीग बेसबॉलमधील नऊ संघांकडून खेळला. विल्हेल्म प्रामुख्याने रिलीफ पिचर होता आणि नकलबॉल या संथ व फिरकीविरहित चेंडूसाठी तो ओळखला जातो. मेजर लीगमध्ये १,००० सामन्यांत चेंडू टाकणारा तो पहिला पिचर होय. १९८५ मध्ये त्याची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. हा सन्मान मिळालेला तो पहिला रिलीफ पिचर आहे.

त्याच्या कारकिर्दीचे आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्याने ज्या कामात आयुष्य घालवले, ते मोजण्याची अधिकृत पद्धत त्याची कारकीर्द जवळजवळ संपत येईपर्यंत अस्तित्वातच नव्हती.

रिलीफ पिचरची भूमिका

बेसबॉलचा सामना साधारणतः नऊ इनिंगांचा असतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टिंग पिचर म्हणतात. तो थकला, किंवा प्रतिस्पर्धी त्याला फटकावू लागले, की मॅनेजर त्याच्या जागी दुसरा पिचर आणतो. हाच रिलीफ पिचर. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी अधिक गंभीर असतो. रिलीफ पिचर मैदानात येतो तेव्हा अनेकदा बेसवर प्रतिस्पर्धी संघाचे धावपटू आधीच उभे असतात आणि आघाडी एखाद-दुसऱ्या धावेची असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम दुय्यम मानले जाई. स्टार्टिंग पिचर म्हणून अपयशी ठरलेले, उतरणीला लागलेले किंवा अननुभवी खेळाडू या जागी ठेवले जात. अपवाद होते. १९२० च्या दशकात वॉशिंग्टन सेनेटर्सच्या फर्पो मारबेरीने रिलीफ पिचर म्हणून नाव मिळवले, तर १९५० मध्ये फिलाडेल्फिया फिलीजच्या जिम कॉन्स्टँटीला एकही सामना सुरू न करता नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडले गेले. तरीही संपूर्ण कारकीर्द याच कामावर उभी राहू शकते, हे विल्हेल्मच्या आधी कोणी दाखवून दिले नव्हते.

प्रारंभिक जीवन

विल्हेल्मचा जन्म अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हंटर्सव्हिल येथे झाला. त्याचे आईवडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी होते आणि त्यांना अकरा अपत्ये होती. कारकीर्दभर त्याचे जन्मवर्ष १९२३ असेच नोंदले गेले. ते प्रत्यक्षात १९२२ असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तिशीकडे झुकलेल्या नवख्या पिचरला संघ सहसा दारात उभे करत नाहीत, हे लक्षात घेता एक वर्ष कमी दिसणे त्याच्या सोयीचेच होते.

कॉर्नेलियस येथील शाळेत तो बेसबॉल खेळत असे. आपल्या हातात वेगवान चेंडू टाकण्याची ताकद नाही, हे त्याला लवकर कळले. त्या सुमारास वॉशिंग्टन सेनेटर्सचा पिचर डच लिओनार्ड याच्याविषयीचा एक लेख त्याने वृत्तपत्रात वाचला. लिओनार्ड नकलबॉल टाकत असे आणि त्याची चेंडू धरण्याची पद्धत लेखासोबतच्या छायाचित्रात दिसत होती. ते छायाचित्र पाहून विल्हेल्मने टेनिसच्या चेंडूवर सराव सुरू केला. त्याला हा चेंडू शिकवणारा प्रशिक्षक कोणी नव्हता.

नकलबॉल

नकल म्हणजे बोटाचे पेर. सुरुवातीच्या काळात काही पिचर पेरांवर चेंडू टेकवून तो टाकत, त्यावरून हे नाव पडले. विल्हेल्म मात्र पहिल्या दोन बोटांची टोके शिवणीजवळ रोवून चेंडू धरत असे. चेंडू हातातून सुटताना त्याला जवळजवळ फिरकीच मिळू द्यायची नाही, हे या प्रकाराचे मर्म आहे.

इतर सर्व चेंडूंना पिचर जाणीवपूर्वक फिरकी देतो आणि त्या फिरकीमुळे चेंडूचा मार्ग ठरतो. नकलबॉल मात्र फिरत नाही. बेसबॉलच्या चेंडूवरील उंचवट्याची शिवण हवेला एका बाजूला अधिक ढवळते, दुसऱ्या बाजूला कमी. चेंडू अगदी हळू वळत असल्याने ही बाजू वाटेतच बदलते. परिणामी पिचरपासून फलंदाजापर्यंतच्या १८.४४ मीटर अंतरात चेंडू डावीकडे, उजवीकडे किंवा एकदम खाली जाऊ शकतो. तो कुठे जाईल हे फलंदाजाला कळत नाही. पिचरला आणि कॅचरलाही कळत नाही. क्रिकेटमध्येही याच नावाने ओळखला जाणारा संथ चेंडू आता रूढ झाला आहे. महाराष्ट्रातील श्रीरामपूरचा झहीर खान याने २०११ च्या विश्वचषकात तो वापरला होता. क्रिकेटमध्ये तो अधूनमधून चकवण्यासाठी टाकला जातो. विल्हेल्मचा मात्र तो मुख्य चेंडू होता.

या चेंडूचा मोठा लाभ असा की तो टाकताना खांद्यावर आणि कोपरावर वेगवान चेंडूइतका ताण पडत नाही. त्याचा तोटा कॅचरला भोगावा लागतो. पिचरने टाकलेला चेंडू कॅचरला अडवता आला नाही आणि धावपटू पुढे सरकला, तर त्यास पास्ड बॉल म्हणतात. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाने दिलेल्या बाइजशी त्याचे साम्य आहे. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना एक पास्ड बॉल म्हणजे एक धाव. म्हणजे ज्या क्षणी रिलीफ पिचर मैदानात येतो, नेमक्या त्याच क्षणी नकलबॉल सर्वांत धोकादायक असतो. त्यामुळे अशा पिचरला सामन्याच्या शेवटी आणणे अनेक मॅनेजरांना वेडेपणाचे वाटे. विल्हेल्मच्या उशिरा सुरू झालेल्या कारकिर्दीमागे हेही एक कारण असावे.

सैन्यसेवा आणि मायनर लीग

१९४२ मध्ये विल्हेल्म नॉर्थ कॅरोलिनातील मूर्सव्हिल येथील मायनर लीग संघात दाखल झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे त्याची पुढील तीन वर्षे अमेरिकेच्या सैन्यात गेली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आर्देन्सच्या जंगलात झालेल्या बल्जच्या लढाईत तो जखमी झाला आणि त्याला पर्पल हार्ट हे पदक मिळाले. शरीरात राहिलेला तोफगोळ्याचा तुकडा घेऊनच तो पुढे खेळला.

युद्धानंतर तो मूर्सव्हिलला परतला. १९४६ मध्ये त्याने २१ आणि १९४७ मध्ये २० सामने जिंकले. अशा कामगिरीनंतर एखाद्या तरुण वेगवान पिचरला वर बोलावणे आले असते. विल्हेल्मला आणखी चार वर्षे थांबावे लागले. न्यू यॉर्क जायंट्सने त्याला आपल्याकडे घेतले, पण खालच्या संघांतच ठेवले. १९५० व १९५१ चे हंगाम त्याने मिनीॲपोलिस मिलर्सकडून काढले. १९५१ च्या वसंतात याच संघात विली मेझ त्याचा सहकारी होता. वीस वर्षांच्या मेझला काही आठवड्यांतच न्यू यॉर्कला बोलावले गेले. विल्हेल्म मिनीॲपोलिसमध्येच राहिला.

न्यू यॉर्क जायंट्स (१९५२-१९५६)

१९५२ च्या एप्रिलमध्ये विल्हेल्मने मेजर लीगमध्ये पदार्पण केले. कागदोपत्री तो २८ वर्षांचा होता, प्रत्यक्षात २९. जायंट्सचा मॅनेजर लिओ ड्यूरोशर याने त्याला केवळ रिलीफ पिचर म्हणून वापरायचे ठरवले. जायंट्सकडील पाचही हंगामांत विल्हेल्मने एकही सामना सुरू केला नाही.

२३ एप्रिल, १९५२ रोजी पोलो ग्राउंड्स मैदानावर बॉस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध तो मेजर लीगमध्ये प्रथमच फलंदाजीला आला आणि त्याने होम रन मारला. त्याच सामन्यात त्याला पिचर म्हणून पहिला विजयही मिळाला. यानंतर तो आणखी वीस वर्षे खेळला, अधिकृत नोंदीनुसार एकूण ४३२ वेळा फलंदाजीला उतरला, पण पुन्हा कधीही होम रन मारू शकला नाही. बेसबॉलच्या रंजक माहितीच्या पुस्तकांत ही नोंद हमखास आढळते आणि काही वाचकांना विल्हेल्म तेवढ्यापुरताच ठाऊक असतो.

त्या हंगामात त्याने ७१ सामन्यांत चेंडू टाकले, १५ जिंकले व केवळ ३ गमावले. त्याची अर्न्ड रन सरासरी २.४३ होती. (पिचरने दर नऊ इनिंगांमागे दिलेल्या धावांची ही सरासरी असते, क्षेत्ररक्षणातील चुका आणि पास्ड बॉल यांमुळे झालेल्या धावा तीत धरल्या जात नाहीत.) एकही सामना सुरू न करता त्याने १५९⅓ इनिंग टाकल्याने तो या सरासरीच्या क्रमवारीस पात्र ठरला आणि नॅशनल लीगमध्ये पहिला आला. पहिल्याच हंगामात आणि केवळ रिलीफ पिचर म्हणून हा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू होता. सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मात्र ब्रुकलिन डॉजर्सच्या जो ब्लॅकला मिळाला. ब्लॅकही त्या वर्षी मुख्यतः रिलीफ पिचरच होता. वेगवान चेंडू टाकणाऱ्या ब्लॅकला पुढे तो सूर गवसला नाही आणि १९५७ मध्ये त्याची मेजर लीगमधील कारकीर्द संपली. विल्हेल्म त्यानंतर पंधरा वर्षे खेळत होता.

१९५४ मध्ये विल्हेल्मने १२ सामने जिंकले व त्याची सरासरी २.१० होती. जायंट्सने नॅशनल लीग जिंकून वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलँड इंडियन्सचा सलग चार सामन्यांत पराभव केला. पहिल्या सामन्यात मेझने घेतलेल्या झेलामुळे ही मालिका प्रसिद्ध आहे. विल्हेल्म तिच्यातील दोन सामन्यांत खेळला आणि तिसऱ्या सामन्यात त्याने रुबेन गोमेझच्या जागी येऊन आघाडी राखली. एकवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्या वाट्याला आलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज होय. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी तो चेंडू टाकत असताना कॅचर रे कॅट याच्याकडून एकाच इनिंगमध्ये चार पास्ड बॉल झाले आणि हा एक नकोसा विक्रम ठरला.

यानंतरचे दोन हंगाम साधारण गेले. १९५७ च्या आरंभी जायंट्सने त्याला व्हाइटी लॉकमनच्या बदल्यात सेंट लुईस कार्डिनल्सला दिले.

क्लीव्हलँड आणि बाल्टिमोर (१९५७-१९६२)

सेंट लुईसमधील त्याचा मुक्काम एका हंगामाचाही झाला नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये तो क्लीव्हलँडला गेला. तिथे त्याला प्रथमच सामने सुरू करण्याची संधी मिळाली आणि त्याची सरासरीही चांगली होती. पण कॅचरांची तारांबळ संघाला परवडेनाशी झाली. ऑगस्ट १९५८ मध्ये क्लीव्हलँडने कोणताही खेळाडू बदल्यात न घेता त्याला सोडून दिले व बाल्टिमोर ओरिओल्सने उचलले. तेव्हा विल्हेल्म ३६ वर्षांचा होता. या वयात दोन वर्षांत चौथा संघ म्हणजे सामान्यतः कारकिर्दीचा शेवट.

ओरिओल्सचा मॅनेजर पॉल रिचर्ड्स स्वतः पूर्वी कॅचर होता. त्याने विल्हेल्मला सामने सुरू करायला लावले. २० सप्टेंबर, १९५८ रोजी बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमवर पावसाळी हवेत न्यू यॉर्क यँकीजशी सामना झाला. यँकीज तेव्हा अमेरिकन लीगचे विजेते होते आणि त्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्यांच्याकडून डॉन लार्सनने सामना सुरू केला. दोनच वर्षांपूर्वी वर्ल्ड सिरीजमध्ये एकाही फलंदाजाला बेसवर न पोहोचू देणारा हाच तो लार्सन. सातव्या इनिंगमध्ये ओरिओल्सचा कॅचर गस ट्रायँडोस याने होम रन मारला आणि सामन्यातील ती एकमेव धाव ठरली. विल्हेल्मने नऊ इनिंगांत यँकीजला एकही हिट मिळू दिली नाही. हा त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील केवळ नववा सुरू केलेला सामना होता. १९५४ मध्ये बाल्टिमोरला आल्यापासून ओरिओल्सच्या पिचरने टाकलेला हा पहिला नो-हिटर. तो जिंकून देणारा होम रन विल्हेल्मचे चेंडू अडवून हैराण झालेल्या कॅचरनेच मारावा, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

१९५९ मध्ये त्याने २७ सामने सुरू केले, पैकी १३ एकट्याने पूर्ण केले आणि हंगामाच्या आरंभी सलग नऊ विजय मिळवले. वर्षाअखेर १५ विजय, ११ पराभव आणि २.१९ ही सरासरी अशी त्याची नोंद होती. या सरासरीमुळे तो अमेरिकन लीगमध्येही पहिला आला. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला पिचर ठरला. रिलीफ पिचर होणे ही त्याची कमकुवत बाजू नव्हती, संघांनी केलेली निवड होती, हे या एका हंगामावरून दिसते.

याच हंगामात ओरिओल्सच्या कॅचरांनी मिळून ४९ पास्ड बॉल दिले. पास्ड बॉलवर झालेल्या धावा पिचरच्या सरासरीत येत नसल्याने विल्हेल्मची २.१९ ही सरासरी संघाने प्रत्यक्षात मोजलेली किंमत पूर्णपणे दाखवत नाही. त्याच्या इतर वर्षांच्या आकड्यांबाबतही वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

यावर रिचर्ड्सने शोधलेला उपाय साधा होता. त्याने कॅचरसाठी नेहमीपेक्षा बराच मोठा मिट बनवून घेतला. तोपर्यंतच्या नियमांत कॅचरच्या मिटच्या आकारावर मर्यादा नव्हती. २७ मे, १९६० रोजी यँकीजविरुद्ध क्लिंट कोर्टनी या कॅचरने तो प्रथम वापरला. विल्हेल्मने सामना पूर्ण टाकला, ओरिओल्स ३-२ असे जिंकले आणि एकही पास्ड बॉल झाला नाही. मोठ्या मिटचाही एक दोष होता. त्यात चेंडू अडे खरा, पण तो पटकन बाहेर काढून बेस चोरणाऱ्या धावपटूला बाद करणे अवघड जाई. इतर संघांनीही हा प्रकार उचलल्यावर नियम बदलण्यात आला आणि १९६५ पासून कॅचरच्या मिटच्या परिघावर ३८ इंचांची मर्यादा आली. विल्हेल्मच्या एका चेंडूमुळे खेळाच्या नियमावलीत एका कलमाची भर पडली.

१९६१ पासून तो जवळजवळ पूर्णपणे रिलीफ पिचरच्या कामाकडे परतला.

शिकागो व्हाइट सॉक्स (१९६३-१९६८)

१४ जानेवारी, १९६३ रोजी ओरिओल्सने विल्हेल्म, रॉन हॅन्सन, डेव्ह निकोल्सन आणि पीट वॉर्ड यांना शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवले व त्या बदल्यात लुईस अपरिसिओ आणि अल स्मिथ यांना घेतले. चाळिशी ओलांडलेला विल्हेल्म या व्यवहारात पुरवणीदाखल असावा असे त्यावेळी अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत प्रभावी काळ इथून सुरू झाला.

१९६४ ते १९६८ या सलग पाच हंगामांत त्याची सरासरी दोनच्या खाली राहिली. ती अनुक्रमे १.९९, १.८१, १.६६, १.३१ आणि १.७३ अशी होती. पहिली चार वर्षे आकडा दरवर्षी खाली येत गेला आणि त्याचे वय ४२ वरून ४५ वर गेले. १९६० च्या दशकात एकूणच धावा कमी होत असत आणि १९६८ हे वर्ष तर पिचरांचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते, हे खरे. पण ही सवलत त्याच्या विशीतील प्रतिस्पर्ध्यांनाही होती.

१९६४ मध्ये तो ७३ सामन्यांत खेळला. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने ९८ सामने जिंकले आणि ९९ विजय मिळवणाऱ्या यँकीजच्या मागे एका सामन्याने त्यांचे विजेतेपद हुकले. १९६७ मध्ये चार संघांच्या चुरशीत ते अखेरच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत होते, पण विजेतेपद बॉस्टन रेड सॉक्सला मिळाले. अशा रीतीने विल्हेल्मची उत्तम वर्षे वर्ल्ड सिरीजविना गेली.

शिकागोत त्याला नकलबॉल टाकणारे सहकारी मिळाले आणि शाळकरी वयात स्वतःला न लाभलेला शिक्षक तो त्यांच्यासाठी झाला. एडी फिशरने त्याच्या सल्ल्याने हा चेंडू सुधारला आणि १९६५ मध्ये ८२ सामन्यांत चेंडू टाकले. १९६७ मध्ये संघात आलेल्या विल्बर वुडला विल्हेल्मने नकलबॉलवरच संपूर्ण भर द्यायला सांगितले. पुढच्याच वर्षी वुड ८८ सामन्यांत खेळला, जो एका हंगामाचा तेव्हाचा विक्रम होता. नंतर स्टार्टिंग पिचर बनून त्याने १९७१ ते १९७४ या चारही वर्षांत प्रत्येकी २० किंवा अधिक सामने जिंकले. कॅचरांचे हाल मात्र इथेही चुकले नाहीत. १९६५ मध्ये जे. सी. मार्टिन याच्या नावावर ३३ पास्ड बॉल नोंदले गेले.

२४ जुलै, १९६८ रोजी विल्हेल्मने आपला ९०७ वा सामना खेळून साय यंगचा १९११ पासूनचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मोडला. या दोघांची तुलना जपून करावी लागते. यंगने आपल्या ९०६ सामन्यांपैकी ७४९ स्वतः पूर्ण केले होते. सामन्यांची संख्या सारखी असली, तरी दोघांचे काम एक नव्हते. यंगच्या काळात पिचरने सामना संपवूनच यावे अशी अपेक्षा असे. विल्हेल्मच्या काळापर्यंत तो संपवण्यासाठी वेगळा माणूस लागू लागला होता.

अखेरचे हंगाम (१९६९-१९७२)

१९६८ च्या अखेरीस नवीन संघांसाठी झालेल्या निवडीत कॅन्सस सिटी रॉयल्सने विल्हेल्मला घेतले, पण तो त्यांच्याकडून कधीच खेळला नाही. डिसेंबरमध्येच त्याला कॅलिफोर्निया एंजल्सकडे पाठवण्यात आले. सप्टेंबर १९६९ मध्ये तो अटलांटा ब्रेव्ह्जकडे आला. तिथे नकलबॉल टाकणारा फिल नीक्रो हा त्यांचा प्रमुख स्टार्टिंग पिचर होता. ब्रेव्ह्जने त्या वर्षी आपला विभाग जिंकला, परंतु १ सप्टेंबरनंतर संघात आल्यामुळे विल्हेल्मला पुढील सामन्यांत खेळता आले नाही.

१० मे, १९७० रोजी त्याने १,००० वा सामना खेळला. त्याच वर्षी, ४८ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, त्याची ऑल-स्टार संघात निवड झाली. अशी निवड त्याच्या वाट्याला एकूण आठ वेळा आली. त्यानंतर शिकागो कब्ज, पुन्हा ब्रेव्ह्ज आणि शेवटी लॉस एंजेलस डॉजर्स असा त्याचा प्रवास झाला. १० जुलै, १९७२ रोजी तो अखेरचा सामना खेळला आणि २१ जुलै रोजी डॉजर्सने त्याला मुक्त केले. पन्नासावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

त्याने एकूण १,०७० सामन्यांत २,२५४⅓ इनिंग टाकल्या, १४३ सामने जिंकले, १२२ गमावले आणि १,६१० फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. त्याची एकूण सरासरी २.५२ होती. केवळ ५२ सामने त्याने सुरू केले. उरलेल्या १,०१८ सामन्यांत तो रिलीफ पिचर होता. रिलीफ पिचर म्हणून त्याने १२४ विजय मिळवले. सामन्यांचा विक्रम १९९८ मध्ये डेनिस एकर्सलीने मोडला.

हॉल ऑफ फेम

खेळ सोडल्यानंतर विल्हेल्मने ब्रेव्ह्जच्या मायनर लीग संघांचा मॅनेजर म्हणून काही काळ काम केले आणि नंतर बरीच वर्षे यँकीजच्या मायनर लीग संघांत पिचरांना प्रशिक्षण दिले.

हॉल ऑफ फेमसाठी बेसबॉल पत्रकारांचे मतदान होते आणि निवडीसाठी ७५ टक्के मते लागतात. विल्हेल्मचे नाव १९७८ मध्ये प्रथम मतपत्रिकेवर आले आणि सात वेळा ते अपुरे पडले. अडचण आकड्यांची होती. पत्रकार पिचरांना विजयांच्या संख्येवरून तोलत. ३०० विजय म्हणजे निवड निश्चित, २०० म्हणजे चर्चा, असा तो हिशोब. त्यात १४३ विजयांना स्थान नव्हते. रिलीफ पिचरने राखलेली आघाडी मोजणारी सेव्ह ही नोंद शिकागोतील क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याच्या प्रयत्नांतून पुढे आली आणि १९६९ मध्ये अधिकृत झाली. तोवर विल्हेल्मची उत्तम वर्षे संपली होती. त्याच्या नावावर आज दिसणाऱ्या २२८ सेव्हपैकी बहुतांश जुनी धावपत्रके तपासून मागाहून मोजलेल्या आहेत. ज्या दिवशी त्याने त्या मिळवल्या, त्या दिवशी त्या कुठेही लिहिल्या गेल्या नव्हत्या.

१९८४ मध्ये त्याची निवड १३ मतांनी हुकली. १९८५ मध्ये ३९५ पैकी ३३१ मते मिळून, म्हणजे ८३.८ टक्के मतांनी तो निवडून आला. त्याच मतदानात बेस चोरण्याचा विक्रम करणाऱ्या लू ब्रॉकचीही निवड झाली. विल्हेल्मनंतर पुढच्या रिलीफ पिचरला, रॉली फिंगर्सला, हा सन्मान १९९२ मध्ये मिळाला. नकलबॉलवर ३१८ सामने जिंकणाऱ्या फिल नीक्रोची निवड १९९७ मध्ये झाली.

निधन

विल्हेल्म निवृत्तीनंतर फ्लोरिडातील सॅरासोटा येथे राहत असे. २३ ऑगस्ट, २००२ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी तेथेच त्याचे निधन झाले. त्यावेळच्या अनेक बातम्यांत त्याचे वय ७९ असे छापून आले.